तीन पालथ्या होड्या

३ मार्च, सोमवार

आज जे झालं ते क्रमाने.

१. सकाळी दहा वाजता धक्क्याच्या चढणीवरच्या निळ्या घराच्या पाहणीला गेले. बरोबर नायादेत.

२. कारण — घर पाडायचा अर्ज आला आहे. पुलेल्को गावात जुनं घर पाडायचं तर आधी आमच्या कचेरीने सांगायला हवं, ते जपण्याजोगं आहे की नाही. बांधणी आणि वय मी ठरवते. लोकांच्या आठवणी नायादेत गोळा करते. दोघींचे अहवाल एकाच फाईलमध्ये जातात. शेवटची तारीख ३१ मार्च.

३. जागा व्लादिमिर बार्रियाची. त्याला तिथे औषधांचं दुकान काढायचंय. घरात राहते त्याची काकू, एदुलियाबाई. वय शहात्तर, नवरा गेलेला, गुडघेही गेलेले.

४. दार मी वाजवलं. एदुलियाबाईंनी उघडलं, मला म्हणाल्या, "काय हवंय?" मग माझ्या खांद्यावरून मागे पाहून — "अगंबाई, नाया! ये, ये, चूल पेटलेलीच आहे!"

५. नायादेतला मात्ते मिळालं — इथला कडू पाल्याचा काढा, घरच्या माणसाला देतात तो. म्हातारीच्याच वाळवून पोकळ केलेल्या भोपळ्यातून, त्याच नळीने, तिच्या पाठोपाठ. मला चहा. कपबशीत.

६. मापं घेतली. सात मीटर वीस बाय नऊ चाळीस, दीड मजला. भिंती बाहेरून लाकडी चकत्यांनी मढवलेल्या. खाली लाकडी खुंट — सगळे साठच्या दशकातले.

७. जमिनीचे कागद पाहिले. हा तुकडा १९६१ साली आखला गेला. साठच्या भूकंपानंतर, समुद्राच्या लाटेने खालची वस्ती नेली आणि लोक वर सरकले, तेव्हा. म्हणजे घर १९६१ नंतरचं. या चढणीवर अशी एकतीस घरं आहेत. विशेष काही नाही.

८. नायादेतने काहीही मोजलं नाही. दोन तास हसत होती.

याहून जास्त काही घडलं नाही. पाचवा मुद्दा का लिहिला ते मला ठाऊक नाही. राहू दे.

४ मार्च, मंगळवार

तीन वर्षं झाली मला इथे. पापा याच चिलोए बेटावर जन्मले. ओयार्सो हे माझं आडनाव इथल्या दफनभूमीत प्रत्येक रांगेत आहे. तीन वर्षांत मी एकशे चौदा घरं तपासली. एकाही घरात मला भोपळ्यातून मात्ते मिळालं नाही.

हो, मोजलंय.

७ मार्च, शुक्रवार

बैठक. एलिएसेर साहेब "नायादेत" अकरा वेळा म्हणाले. "मार्लेन" दोन वेळा. त्यातलं एक — "मार्लेन, ती खिडकी लाव जरा."

मी माझी अर्ध्या पानाची टिपणी वाचली. १९६१, नेहमीची बांधणी, जपण्याजोगं नाही.

नायादेत म्हणाली, "साहेब, ते घर इथलं नाहीच. लेमुई बेटावरून आलंय. समुद्रावरून."

इथे घरं चालतात, हे मलाही माहीत आहे. शेजारपाजार जमतो, घर खुंटांवरून उचलून ओंडक्यांवर ठेवतात, बैल जुंपतात आणि ओढतात. वाटेत खाडी आली तर रिकामी पिंपं बांधून भरतीला पाण्यात सोडतात, पलीकडे पुन्हा बैल. याला मिंगा म्हणतात. पण एखादी गोष्ट घडू शकते आणि ती घडली, यात फरक आहे. तो फरक सांगायचा मला पगार मिळतो.

"कशावरून?" मी विचारलं.

"एदुलियाबाईंच्या नवऱ्याने त्यांना सांगितलं होतं. त्या लग्न होऊन आल्या सत्तर साली, तेव्हा घर इथेच होतं. पण तो पोरगा असताना त्या घरात बसून आला होता! खिडकीतून मासे बघत!"

सगळे हसले. तसं हसू — आपल्या पोरीवर हसतात तसं.

"कागद?" मी म्हटलं. "फोटो? नोंद? बांधणीत एखादी खूण?"

"नाही गं. पण म्हातारी खोटं नाही बोलणार."

"मी ती खोटं बोलते असं म्हटलं नाही. मी पुरावा नाही असं म्हटलं."

साहेब चष्मा पुसत म्हणाले, "मार्लेनचंही बरोबर आहे. नायादेत, बघ काही मिळतंय का. घर वाचलं तर म्हातारी तिथेच मरेल बिचारी, सुखाने."

*मार्लेनचंही.* त्या "ही"वर मी दुपारभर काम करू शकले नाही.

९ मार्च, रविवार

जत्रेत नायादेत दिसली. बटाट्याची मिलकाव भाकरी विकणाऱ्या बाईच्या टेबलामागे उभी राहून तीच भाकऱ्या थापत होती — ओळख ना पाळख, सहज! हात कोपरापर्यंत पिठाने माखलेले. मला पाहून ओरडली, "ए इंजिनिअरीणबाई! जळकी हवी का कच्ची?"

लोकांनी माझ्याकडे पाहिलं. मी घाईत आहे म्हटलं. घाई नव्हती.

तिने वास्तुकलेचं शिक्षण तिसऱ्या वर्षी सोडलं. तिला भाराची गणितं येत नाहीत. तिच्या अहवालात वाक्य असतं, "घराला उबदार वास आहे". आणि साहेब ते वाक्य खोडत नाहीत.

१२ मार्च, बुधवार

नीट लिहायला हवं.

उरलेली मापं घ्यायला एकटी गेले. किल्ली व्लादिमिरकडून घेतली. एदुलियाबाई घरी नव्हत्या. त्यांना गुडघ्यांसाठी कास्त्रोच्या दवाखान्यात घेऊन गेलं होतं — कोण, ते लिहायला नको.

बैठकीच्या खोलीत भिंतींना कागद आहे. पिवळट, त्यावर निळ्या शिडाच्या होड्यांच्या रांगा. ईशान्येच्या कोपऱ्यात तो ओलीने फुगला होता. फळी कुजली आहे का ते पाहायला मी पातं घातलं. वीतभर तुकडा निघून हातात आला.

फळी कोरडी, ठणठणीत. पण तिच्यावर भोकं. तिरक्या ओळीत, साधारण चाळीस सेंटिमीटरवर एक. मी बोटं कागदावरून पुढे फिरवली — खळगे जाणवतात. वर डाव्या कोपऱ्यापर्यंत. मग दुसऱ्या बाजूने, उजव्या कोपऱ्यापर्यंत. फुली. समोरच्या भिंतीवरही फुली. चारही भिंतींवर.

घर ओढण्याआधी आतून भिंतींना अशा आडव्यातिडव्या फळ्या ठोकतात, चौकट वाकू नये म्हणून. पोचलं की काढून टाकतात. भोकं राहतात.

नायादेत बरोबर होती.

हे वाक्य मी मनात म्हटलं आणि तोंडात गंजाची चव आली. मग अजून नीट पाहिलं, आणि ती नुसती बरोबर नव्हती. फुल्या दोन होत्या, एकावर एक. एकीची भोकं गोल — कारखान्यातले खिळे, १९६१च्या मिंगाचे असणार. दुसरीची चौकोनी. लोहाराने घडवलेले खिळे. असे खिळे या बेटावर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच मागे पडले.

म्हणजे घर दोनदा चाललं. पहिल्यांदा चाललं तेव्हा १९०० च्या आसपासचा काळ असेल, आणि तेव्हाही ते उभं होतंच. खाली जाऊन पायाच्या तुळया पाहिल्या. चारही टोकांना दोराने पडलेल्या खाचा, गुळगुळीत. तीन तारखेलाही त्या तिथेच होत्या. मी खुंट पाहिले, जमिनीचे कागद पाहिले, आणि जिथे घरंच चालतात तिथे घराचं वय जमिनीवरून काढलं. हे इथल्या शाळकरी पोरानेही केलं नसतं.

नायादेतला गोल भोकं कदाचित समजली असती. चौकोनी नसती समजली. ती फक्त मलाच समजतात.

मी फोटो काढला नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा. कागदाचा तुकडा ओला करून परत चिकटवला, कुलूप लावलं, किल्ली परत दिली.

उद्या सांगेन. आज साहेबांचं "बघ, नायादेत म्हणत होतीच!" ऐकायची तयारी नाही.

१३ मार्च, गुरुवार

सांगितलं नाही.

१४ मार्च, शुक्रवार

नायादेतने माझ्या टेबलावर मिलकाव आणून ठेवली, फडक्यात गुंडाळून. गरम.

"खा. तू कुणाकडे काही खात नाहीस, म्हणून लोक तुला घाबरतात."

"घाबरतात?"

"हो मग! त्यांना वाटतं तू त्यांची मापं घेतेस."

"मी मापंच घेते."

ती इतकी हसली की पलीकडच्या खोलीतून साहेब आले, काय झालं विचारायला. माझ्या बोलण्यावर तीन वर्षांत कोणी हसलं नव्हतं. तिने ते मोठ्याने पुन्हा सांगितलं — आणि तिच्या तोंडून ते चांगलंच विनोदी वाटलं. माझं वाक्य! तेही तिचं झालं.

मिलकाव खाल्ली. चांगली होती. त्याचाही राग आला.

१८ मार्च, मंगळवार

नायादेतने विचारलं, "काही सापडलं का गं? एखादी खूण?"

मी म्हटलं, नाही.

२२ मार्च, शनिवार

पापांना फोन केला, पुएर्तो मॉन्तला. सहज म्हणून मिंगाबद्दल विचारलं.

"ओढायचं काय, बैल ओढतात," पापा म्हणाले. "त्याआधीचं अवघड. ज्याचं घर, त्याने दारोदार जायचं. बसायचं नाही. उंबऱ्याबाहेर उभं राहून, टोपी हातात घेऊन, सांगायचं — मी अमुक, माझ्यावर असं-असं झालंय, येशील का? कारण नाही सांगितलं तर माणूस येत नाही. आणि निरोप पाठवून चालत नाही."

"आणि नाही म्हटलं तर?"

"क्वचितच म्हणतात. पण म्हणू शकतात ना! तेच तर."

मग म्हणाले, "तुझा आजोबा गेला नाही कुणाच्या दारात. लाटेनंतर आमचं घर तिरकं होऊन किनाऱ्यावर उभं होतं, शाबूत. चार जोड्या पुरल्या असत्या. दोन हिवाळे उभं राहिलं. मग भरतीने नेलं. मग आम्ही इकडे आलो."

"हे कधी सांगितलं नाहीत."

"तू कधी विचारलं नाहीस."

२७ मार्च, गुरुवार

चार दिवस आहेत. रोज सकाळी ठरवते. मग नायादेत येते, पावसाने भिजलेली, आणि दारातूनच सगळ्यांची नावं घेत येते, आणि प्रत्येक जण मान वर करतो. मग मी पुन्हा ठरवते.

मला तिची नोकरी नको. तिचं रूपही नको. तसं काही विशेष नाही. ती दारात उभी राहिली की आतल्या माणसाचा चेहरा बदलतो. मला तो चेहरा हवा आहे. एकदा, माझ्यासाठी.

३१ मार्च, सोमवार

फाईल गेली. बांधणी आणि वय: १९६१ नंतर, विशेष मूल्य नाही. सही, मार्लेन ओयार्सो.

नायादेतच्या भागात शेवटचं वाक्य — "पुरावा मिळाला नाही, पण माझा विश्वास आहे." साहेबांनी वाचलं आणि उसासा टाकला. "विश्वासाला रकाना नाही, पोरी."

मला आनंद व्हायला हवा होता.

२ एप्रिल, बुधवार

पाडायची परवानगी आली. सोमवारी २८ तारखेला यंत्र येणार. तोवर घर रिकामं करायचं.

नायादेत कचेरीत रडली. सगळ्यांसमोर, नाक ओढत, टेबलावर डोकं ठेवून. चौघे जण भोवती. कुणी पाणी दिलं, कुणी पाठीवर हात फिरवला. मी माझ्या जागेवरून पाहत होते. मी रडले तर कुणाला कळणारही नाही, कारण मी दार लावून घेईन — आणि दार मीच लावलेलं असेल.

तिच्या रडण्याचाही हेवा! इतकं खाली मी आधी कधी उतरले नव्हते.

५ एप्रिल, शनिवार

घर रिकामं करायची नोटीस द्यायला कुणीतरी जायला हवं होतं. नायादेत म्हणाली, "माझ्याने नाही होणार." मी गेले.

एदुलियाबाईंनी कागद न वाचताच साखरेच्या डब्याखाली ठेवला. "बस. चहा संपलाय. मात्ते घे."

तीन वर्षं ज्याची वाट पाहिली, तो भोपळा हातात आला. कढत, कडू. नळी तोंडाला लावली आणि तेव्हाच त्या म्हणाल्या, "त्या कोपऱ्यातल्या तीन होड्या पालथ्या आहेत."

मी मान वळवली. पिवळट कागदावर निळ्या होड्यांच्या रांगा, सगळ्यांची शिडं वर — आणि वीतभर तुकड्यातल्या तीन होड्यांची शिडं खाली. मी तुकडा उलटा चिकटवला होता. मी! मिलिमीटर मोजणारी.

भोपळा हातात होता. तो संपवून परत दिल्याशिवाय उठता येत नाही.

"कधी पाहिलंत?"

"त्याच संध्याकाळी. दवाखान्यातून आले, दिवा लावला, बघते तर माझ्या होड्या बुडालेल्या. कोण आलं होतं, पुतण्याला विचारलं. म्हणाला, इंजिनिअरीणबाई. म्हटलं चला, बघितलं तिने."

"त्या भोकांचं तुम्हाला माहीत होतं?"

"भोकं आहेत हे माहीत होतं. कागद मीच लावलाय ना, बहात्तर साली. त्यांचा अर्थ काय ते तुमचं शिक्षण."

"मग नायादेतला का नाही सांगितलं?"

"तिला सांगून काय? ती रडली असती. लोकांनी तिला पाणी दिलं असतं. घर काही पाण्याने राहत नाही." त्यांनी किटलीतून गरम पाणी पुन्हा भोपळ्यात ओतलं, मलाच दिलं. "मला वाटलं, तू सांगशील. तुझं कामच आहे ते. मी रोज वाट बघत होते, आज येईल, उद्या येईल."

मी भोपळा संपवून परत दिला.

"ओयार्सो ना तू? किनाऱ्यावरच्या?"

"हो."

"वाटलंच. कुणाच्या दारात न जाणारे."

७ एप्रिल, सोमवार

साहेबांना विचारलं, फाईल परत उघडता येईल का. नवा पुरावा मिळाला आहे.

"कधी मिळाला?"

"अलीकडे."

त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "मार्लेन, मुदत गेली. फाईल वरच्या कचेरीत आहे, परवानगी व्लादिमिरच्या हातात आहे. तुझ्याच सहीवर. आता पुरावा सोन्याचा असला तरी मला काही करता यायचं नाही."

मी "अलीकडे" म्हणाले. अजूनही!

८ एप्रिल, मंगळवार

व्लादिमिरला भेटले. तो वाईट माणूस नाही. म्हणाला, "बाई, मला घराशी भांडण नाही. मला जागा मोकळी पाहिजे. कुणी घर खिशात घालून नेलं तरी माझी हरकत नाही. उलट टाळ्या वाजवीन!"

एदुलियाबाईंच्या नावावर माहेरचा एक तुकडा आहे, वर चर्चच्या मागे. गवत आणि दोन सफरचंदाची झाडं. अंतर मोजलं — आठशे साठ मीटर. एकच मोठा चढ. विजेच्या तारा दोन ठिकाणी खाली.

घराचं वजन काढलं, सुमारे सोळा टन. घर्षण, चढ धरून बारा बैलजोड्या, चौदा असल्या तर बरं. ट्रॅक्टर नको, तो हिसका देतो आणि इतक्या जुन्या चौकटीचे सांधे उघडतात. बैल एका लयीत ओढतात. तुळया तपासल्या. धरतील. आधी दोनदा धरल्यात.

गणित जमतं. माणसं कुठून आणायची?

९ एप्रिल, बुधवार

एदुलियाबाईंना सगळं सांगितलं. आकडे ऐकून घेतले त्यांनी.

"दारोदार मला जायला हवं," त्या म्हणाल्या, "पण हे गुडघे मला फाटकापर्यंत नेत नाहीत. माझ्या जागी कुणी जावं लागेल."

"नायादेतला सांगते. ती गेली तर अर्धं गाव येईल."

"येईल. नायासाठी येईल. घर नायाने घालवलं का?"

मी चुलीत एक लाकूड सारलं.

"तू जा," एदुलियाबाई म्हणाल्या. "आणि टोपी घालून जा. काढून हातात धरायला काहीतरी लागतं माणसाला."

११ एप्रिल, शुक्रवार

पहिलं दार रोसामेल चिगुआय यांचं. गावातल्या सगळ्यात चांगल्या तीन बैलजोड्या त्यांच्याकडे. ते नायादेतचे वडील. बाकीचे त्यांच्याकडे बघून ठरवतात, म्हणून इथून सुरुवात करणं योग्य, असा हिशोब केला.

पाऊस होता. उंबऱ्याबाहेर उभी राहिले. टोपी हातात.

"रोसामेलकाका, मी मार्लेन ओयार्सो. एदुलियाबाईंच्या घरासाठी आले आहे. शनिवारी २६ तारखेला ओढायचं आहे, चर्चमागच्या जागेवर. तुमचे बैल आणि तुम्ही, याल का?"

ते दाराच्या चौकटीला टेकले. तंबाखू मळत होते. "ते घर तर पाडायचं ठरलं ना? कचेरीने सांगितलं काही राम नाही त्याच्यात."

"कचेरीची चूक झाली."

"कचेरीची." मळतच होते. "कचेरीला हात असतात का, बाई?"

"माझी. पाहणीत चूक झाली."

"कसली चूक? मोजायला चुकलीस?"

केसांतून पाणी मानेवर उतरत होतं. एकच वाक्य होतं. मी पुरतं जुळवूनही ठेवलं होतं. निघालं नाही.

"आमच्या नायाला माहीत आहे?"

"नाही."

"पंधरा दिवस झाले, पोरगी जेवत नाही धड. म्हणते बाबा, मीच कमी पडले, मला खूण सापडली नाही." त्यांनी तंबाखू तोंडात टाकली. "बैल कुठे पळून जात नाहीत. आधी तिच्या दारात जा. तिथून हो आलं तर इथे हो धर. तुला पिठाची भाकरी देऊ का? भिजलीयस अगदी."

मी कमी पडले, म्हणते ती. एक महिनाभर मी तिचं सगळं मोजत होते आणि हे एक माप माझ्याकडे नव्हतं.

१२ एप्रिल, शनिवार

नायादेतच्या दारात गेले. कुलूप. शेजारीण म्हणाली, बहिणीकडे अंकुदला गेली, मंगळवारी येईल.

परत आले. सुटल्यासारखं वाटलं. तेवढ्याने कळलं की मंगळवारपर्यंत मी पुन्हा "अलीकडे" म्हणायला शिकेन.

१३ एप्रिल, रविवार

आज तिच्या दाराखालून चिठ्ठी सरकवली. तिचीच दुसरी प्रत साहेबांच्या टेबलावर ठेवली, सहीसकट. नक्कल:

"नायादेत — तू बरोबर होतीस. तू कमी पडली नाहीस. भिंतीवरची भोकं मी १२ मार्चला पाहिली. १८ तारखेला तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले, आणि ३१ला खोट्यावर सही केली. कारण तुझा हेवा. दुसरं कारण शोधून पाहिलं, नाही सापडलं. तो अजूनही आहे.

घर शनिवारी २६ला ओढायचं आहे. बारा जोड्या हव्यात. तुझे वडील तू हो म्हटल्याशिवाय येणार नाहीत, आणि ते आल्याशिवाय कुणी येणार नाही. निरोपाने मागायचं नसतं, हे मला माहीत आहे. मंगळवारी संध्याकाळी मी तुझ्या दारात येऊन तोंडाने मागेन. तू आधी वाचलेलं असावंस, म्हणून हे.

येशील का? हो किंवा नाही — गुरुवार, १७ तारखेपर्यंत कळव. — मार्लेन"